लिंबाएवढं बाळ

अठ्ठ्याहत्तर साली सुनेला दिवस गेले, पण तिला तपासायला अड्याळच्या दवाखान्यात नेणं कौशल्याबाईला पटेना. तिची स्वतःची पाचही बाळंतपणं घरीच झाली होती. मुलानं हट्टानं बैलबंडी जुंपली, तरी ती वाटभर कुरकुरत राहिली, "गरवार बाई का बिमार असते?" नर्सबाईंनी पाळीची तारीख विचारली, तशी सून लाजून सासूकडे पाहू लागली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर बसली होती," कौशल्याबाईच फटकन बोलली. "चार दिवस चूल मलेच फुकावी लागली ना!" कॅलेंडर पाहून नर्सबाई हसल्या. "तिसरा महिना सरला. बाळ आता लिंबाएवढं आहे, त्याला बोटंसुद्धा फुटलीत." कौशल्याबाईनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं. "पाच लेकरं झाली मले, पन हे कोनीच नाही सांगतलं!" सुनेचा हात धरून ती बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, "बैल हळू हाक रे, लेकराले बोटं फुटली!"