साडेचार इंच

नळीचे तोंड मोजायला कॅलिपर तिसऱ्यांदा लावला तरी आकडा बदलेना. धुराड्याखालच्या पेटीत कमरेपर्यंत शिरलेला म्हातारा अभियंता पुन्हा मोजत होता. बाहेर त्याचा मेहुणा, कारखान्याचा मुख्य फिटर, इंजिनावर पितळी पाटी स्क्रूंनी बसवत होता. उद्या हे वाफेचे इंजिन फाटकापाशी चौथऱ्यावर चढणार होते. पाटीवर नाव अभियंत्याचे होते.

बाकीची कारकीर्द चौथऱ्यावर चढवण्याजोगी नव्हती, हे तो स्वतःच हसत सांगे. त्याचे पहिले इंजिन चढ दिसला की समाधी लावी. दुसरे कागदावर सुरेख धावले. रुळांना ते मानवले नाही. तिसऱ्याचा धूर पुढच्या स्टेशनात त्याच्या आधी पोहोचे. चौथ्याचा बॉयलर आता कामगारांच्या न्हाणीघरात पाणी तापवी, तेही कोमट. मग फिटरच्या बहिणीशी त्याचे लग्न झाले आणि हे पाचवे इंजिन निघाले. ते तीस वर्षे वाऱ्यासारखे पळाले. घरचे म्हणत, सुनेचा पायगुण. तो करवादे, "वाफ गणिताने होते, पायगुणाने नव्हे!"

वापरलेली वाफ धुराड्यात सोडणाऱ्या नळीचे तोंड त्याच्या आराखड्यात पाच इंच होते. इथे आत एक कडे घट्ट बसवलेले होते. तोंड अरुंद, म्हणून फुंकर जोराची. फुंकर जोराची, म्हणून आग धगधगती. एवढी साधी गोष्ट त्याच्या गणिताला पाच इंजिनांत सुचली नव्हती.

तो काजळलेल्या तोंडाने बाहेर आला. "साडेचार भरतंय. मोजण्यात माझी चूक होतेय का रे?"

"छे, भावोजी. मोजण्यात तुमची चूक कधी झालीये?"

"कडं कोणी बसवलं?"

"मीच."

"आणि तीस वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर काढायला लावलं असतंत."

हे इतके खरे होते की अभियंत्याला हसू फुटले. मग ते ओठांवरच थिजले.

"लग्नाआधीची चारही तूच जोडली होतीस. त्यांच्यात का नाही बसवलंस?"

मेहुण्याने पाटीचा चौथा स्क्रू आवळला. बोळ्याने नाव पुसून लख्ख केले आणि तो दाराकडे चालू लागला. नुकत्याच धुतलेल्या फरशीवर त्याच्या बुटांचे तेलकट ठसे उमटत गेले. जन्मभर पायगुणाला हसलेला अभियंता ते एकेक पाऊल पाहत राहिला.