बऱ्या झालेल्याची सही

"कसलं व्यसन?" निवृत्ती ढवण गोंधळून म्हणाला. "मॅडम, मी सुपारीसुद्धा खात नाही."

व्यसनमुक्ती केंद्राचं सरकारी अनुदान सांभाळणाऱ्या हेमलता दाभाडे त्याच्या घरी फॉर्म घेऊन आल्या होत्या. नव्या उपचारानं अफूच्या गोळ्यांची ओढ मेंदूतून पुसली जायची, पण त्या दिवसांची आठवणही सोबत जायची. पुढच्या अनुदानासाठी सरकारला मात्र 'मला व्यसन होतं, ते इथं सुटलं' या मजकुराखाली बऱ्या झालेल्या माणसाचीच सही हवी होती.

"तुमच्या सहीवाचून अकरा जणांचे उपचार अडलेत हो," त्या कळवळून म्हणाल्या.

निवृत्तीच्या बायकोनं, शालननं, त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. "ताई, ह्यांना काही सांगू नका. गोळ्यांसाठी ह्यांनी लेकीच्या कानातलं ओरबाडलं होतं. कान फाटला पोरीचा. कळलं तर जगायचे नाहीत."

हेमलताबाई फॉर्म परत घ्यायला आत गेल्या, तर निवृत्तीनं सही केलेली होती.

"अकरा जणांचं भलं होतंय, तर होऊ दे एकदा खोटं," तो ओशाळून म्हणाला. "फक्त माझ्या लेकीला कळू देऊ नका. तिला वाटेल, बाप खरंच तसला होता."