दोन ओळींच्या मध्ये

गायक मुलाला जाऊन दोन महिने झाल्यावर ध्वनिमुद्रकाने त्याच्या रॉक बँडचा अल्बम आईला ऐकवला. तो बाहेर काढण्याआधी तिचा होकार हवा होता. हेडफोन लावून वीस-वीस मिनिटांची ती गाणी तिने अखेरपर्यंत ऐकली. गिटार आली, गेली. तिने डोळ्यांतून टिपूसही काढला नाही.

"यात तो नाही," ती म्हणाली.

"काकू, सगळी गाणी त्यानेच गायलीत."

"दोन ओळींच्या मध्ये त्याला धाप लागायची. ती कुठे गेली?"

"ती मी पुसली. गाणं स्वच्छ वाटावं म्हणून."

"परत घाल. दमेकरी पोर वाढवलंय मी. गाण्यातलं मला कधीच काही कळलं नाही. त्याच्या दाराबाहेर उभी राहून मी तेवढंच ऐकत असे."