बोळवण

सांगलीतल्या लोककला जपणाऱ्या संस्थेच्या संगणकातून, समोर बसलेल्या नाथाजी गोंधळ्यांचाच आवाज आला. देवीला आवतन देऊन तो थांबला.

"आता जगात कुणीही इंटरनेटवर हे फुकट ऐकू शकतं," ध्वनिमुद्रण करणारे सुमंत म्हणाले.

"आन् बोळवण?" नाथाजींनी विचारलं. " आवतन दिलं की देवी येती, सायेब. गोंधळ सरल्यावर बोळवण म्हणून तिला माघारी लावायची असती."

"सगळं मावत नव्हतं, म्हणून फक्त सुरुवात टाकली."

"किती जणांनी लावलं आसंल?"

सुमंतांनी अभिमानानं पडद्यावर गाण्याखालचा आकडा दाखवला. तीनशे बारा.

नाथाजींनी चपला दाराबाहेर काढल्या, संबळ कमरेला बांधलं आणि बोळवण म्हणायला घेतली. संपली, की पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी संपली तेव्हा सुमंतांनी आकडा पाहिला. तीनशे सतरा झाला होता.