बाळंतिणीची खोली

वनखात्याचे साहेब अंगणात आले तेव्हा शिवपुत्र मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा होता. आत, अंधारात, ओल्या गोणपाटावर त्याने पाळलेली अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून पडली होती. तिला आता जागची हलवली असती तर एकही पिल्लू बाहेर आले नसते.

गल्लीतल्या कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला होता. नव्या कायद्याने अजगर सरकारचा झाला, की कायद्याआधीपासून पाळलेला असला तर तो मालकाचाच राहतो, यावर पेठेतल्या हॉटेलात बरेच दिवस वाद चालू होता. तिथे शिवपुत्रचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. सरकारने मुदत दिली तेव्हा मात्र त्याने नोंद केली नाही. साहेबांनी आता तेवढेच सांगितले. नोंद नसलेले जनावर जप्त होते.

"दार उघडा, अप्पा."

बरोबरचा वनरक्षक हिंदुराव पुढे झाला आणि थबकला. चौकटीला कडुनिंबाची डहाळी बांधलेली होती. ती सकाळीच सुनेने, सुंदरम्माने, बांधली होती. घरात बाळंतीण आहे तर दाराला निंब नको का, मामा, असे ती हसत म्हणाली होती आणि शिवपुत्रही हसला होता. तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत त्या घरात निंब बांधायची वेळ आली नव्हती.

"आत कोण बाळंत झालंय?" साहेबांनी विचारले.

शिवपुत्रने डहाळीकडे पाहिले.

"सून," तो म्हणाला.

साहेब लगेच दोन पावले मागे सरले. पुढचे घर पत्र्याचे, उन्हाने तापते, म्हणून तिला इकडे गारव्यात ठेवली आहे, असे शिवपुत्रने न विचारता सांगितले. साहेबांनी मान हलवली. हिंदुराव मात्र दाराला कान देऊन उभा होता.

"रडंना की साहेब बाळ," तो म्हणाला.

"आत्ताच झोपलंय."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगा."

साहेबांनी हिंदुरावला हाताने गप्प केले आणि स्वतःचाही आवाज खाली आणला. तिथून पुढे तिघेही कुजबुजत बोलले. अजगर कुठे आहे, असे साहेबांनी कुजबुजत विचारले. गेल्या पावसाळ्यातच अक्कलकोटकडच्या रानात सोडून दिला, असे शिवपुत्रने कुजबुजत सांगितले. साहेबांना ते पटलेले दिसले. निदान बाळंतिणीच्या खोलीत शिरून खात्री करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

तेवढ्यात सुंदरम्मा चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, ताटलीत तीन कप. ती पुढच्या घराच्या दाराआड किती वेळ उभी होती ते कळायला मार्ग नव्हता. चहावर साय धरली होती.

"ह्या कोण?" साहेबांनी विचारले.

शिवपुत्रने कप उचलला.

"ही व्हय? कामाला येती."

सुंदरम्माने ताटली हिंदुरावपुढे धरली, मग साहेबांपुढे. साहेबांनी उभ्या उभ्या चहा संपवला आणि कप परत देताना तिला म्हणाले, "बाई, बाळंतिणीकडं नीट लक्ष द्या. पोराला या उन्हात जपा."

"व्हय जी," ती म्हणाली.

जीप गल्लीबाहेर गेली. शिवपुत्रने खोलीचे दार ढकलले. मादी होती तिथेच होती. अंगाला बारीक झटके देत ती अंड्यांना ऊब देत होती. एरवी तो हे बघायला सुनेला हाक मारायचा. सुंदरम्मा पदर तोंडाला लावून, श्वास धरून, त्याच्या शेजारी उकिडवी बसायची. आज त्याने हाक मारली नाही. दार लोटून तो बाहेर आला.

सुंदरम्माने कप विसळून पालथे घातले होते. हात पदराला पुसून ती उंबऱ्याबाहेर गेली, पायांत चपला सरकवल्या आणि वळून उभी राहिली.

"मालक," तिने विचारले, "उद्या किती वाजता येऊ?"