कुणाकडनं आलं?

बारामतीहून आणलेला रिपोर्ट अनितानं सासूच्या मांडीवर ठेवला. बनाबाईला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही ठेवला. आठ महिने दम धरला होता तिनं. आज चार शब्द सुनवायचेच होते.

थोरल्या लेकीचा, उत्कर्षाचा एक स्तन कॅन्सरमुळं एकतिसाव्या वर्षीच काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, हा दोष रक्तातनं येतो, घराण्यातनं. झालं! बनाबाईनं गावभर डांगोरा पिटला, "आईच्या दुधातनं आलं. खाण तशी माती." वालचंदनगरहून अनिताच्या म्हाताऱ्या आईला आणून तिचीसुद्धा तपासणी करवली. काही निघालं नाही, तरी टोमणे थांबले नाहीत. बाईचं दुखणं बापाकडनं येतं हे कुणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं. नवऱ्यानं, संभाजीनं तपासणीला रक्त दिलं तेही हसत, "माज्या छातीत काय ठेवलंय, डॉक्टर?"

"काय लिवलंय?" बनाबाईनं विचारलं.

"माज्यात दोष न्हाय, आत्याबाई. तुमच्या लेकात हाय. त्यांच्याकडनं उत्कर्षात आला."

"गडी माणसाकडनं बायकांचा आजार? येडी का खुळी गं तू?"

"येतो. द्वारकावन्सं कशानं गेल्या?"

"तिला करणी केलती."

"छातीत गाठ हुती त्यांना. तुमच्या आईला बी गाठच हुती. तुमीच सांगितलंय मला."

बनाबाईनं मांडीवरचा कागद बाजूला सारला. अनिताला वाटलं होतं, आता काळजात थंडावा पडेल. कसला थंडावा न् कसलं काय! म्हातारीचं उतरलेलं तोंड बघून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओट्यावर धाकटी संस्कृती बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिची तपासणी व्हायची होती अजून. बनाबाई किती तरी वेळ नातीकडं बघत राहिली.

"मंजी आईचं माज्यात आलं," ती हळू आवाजात म्हणाली, "आन माजं संभाजीत, द्वारकात."

"तसंच दिसतंय, म्हणले डॉक्टर."

"आन मी ऐंशीला टेकले." म्हातारीनं पदर छातीशी आवळून धरला. "माजी पोर पस्तिशीत गेली गं. मग मला का न्हाय झालं?"