खाऱ्या धुक्यातले दोन दांडे

पेटीच्या कड्या मालकीणबाईंनी स्वतः काढल्या. दहा दिवस आणि दहा रात्री त्या पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं फिरत होतं. आत दोनच पोलादी दांडे. एकाला लाल बिल्ला, एकाला हिरवा.

लाल म्हणजे मेस्त्रींची क्रोमचा मुलामा चढवायची जुनी टाकी, गडद नारिंगी पाण्याची. चाळीस वर्षं त्यांनी ती लेकरासारखी जपली होती. हिरवा म्हणजे त्यांच्या सुनेची नवी टाकी. सून याच कारखान्यात केमिस्ट. तिच्या हिरव्या पाण्यातही क्रोमच होतं, पण पुष्कळ कमी विषारी जातीचं. त्यातून क्रोम आणि निकेलचा मिश्र थर दांड्यावर चढायचा. जो दांडा गंजणार नाही त्याची टाकी राहणार, दुसरी आजच्या आज उपसली जाणार. मालकीणबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दोघं बोलून चालून सासरा-सून, पण टाकीच्या बाबतीत नातं गुंडाळून ठेवलेलं. "सूनबाई, हे टाकीत घातलंय काय, सरबत?" असं मेस्त्री सगळ्यांदेखत विचारायचे. "प्यायला देऊ का, आप्पा? तुमच्या पाण्यापेक्षा बरंच आहे," असं तीही म्हणायची. कामगार पोट धरून हसायचे.

कामगारांत आणखी एक जुना विनोद होता. खरा मेस्त्री कोणता? एका नाकपुडीत घातलेला दोरा ज्याच्या दुसऱ्या नाकपुडीतून निघतो, तो. जुन्या टाकीची वाफ नाकातला पडदा खाते. मेस्त्रींचा पडदा केव्हाच गेला होता, आणि हा विनोद सांगून सगळ्यांत मोठ्यानं तेच हसायचे. गेल्या महिन्यात मुलाच्या उशीवर रक्ताचे डाग दिसले. मुलगा त्याच टाकीवर कामाला. तेव्हापासून मेस्त्री हसले नव्हते, पण सरबताचा टोमणा मात्र चालूच होता. म्हाताऱ्याला पोरापेक्षा टाकी प्यारी, असं लोक मागून बोलायचे.

झाकण उघडलं. मालकीणबाईंनी दांडे धुतले, फडक्यानं कोरडे केले आणि उजेडाखाली टेबलावर ठेवले.

लाल बिल्ल्याचा दांडा आरशासारखा होता. तोंड बघून घ्यावं.

हिरव्या बिल्ल्याच्या दांड्यावर तांबूस फोड आले होते. मालकीणबाईंनी एका फोडाला नख लावलं. पापुद्रा सुटून टेबलावर पडला.

"हा सूर्य अन् हा जयद्रथ!" त्या म्हणाल्या. "हिरवी टाकी उपसा. जुनी गरम करायला ठेवा."

"शेवटी जुनं ते सोनं, मेस्त्री!" पॉलिशवाला ओरडला आणि त्यानं मेस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. मेस्त्री मटकन स्टुलावर बसले. आनंद सोसला नाही म्हणून कुणीतरी पाणी आणलं.

सून रडली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. त्यानं खुंटीवरचा रबरी एप्रन काढला होता आणि आता तो हातमोजे चढवत होता.

"माझंच कुठंतरी चुकलं," ती त्याला हळूच म्हणाली.

"असू दे गं," तो म्हणाला. "सवय आहे मला." आणि बाहीनं नाक पुसत जुन्या टाकीकडे निघाला.

मेस्त्रींनी गंजलेला दांडा मांडीवर घेतला. फोडांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. गप्प बसायला काय लागतं? नुसते ओठ मिटायचे. नाव राहत होतं, टाकी राहत होती, नोकरी राहत होती. पण मिटलेल्या ओठांशी देव थांबत नाही. तो आत येऊन बसतो आणि वाट बघतो.

"थांब रे!"

मुलगा थांबला. मेस्त्री उठले, त्याच्या हातातले मोजे त्यांनी ओढून काढले आणि मालकीणबाईंसमोर टेबलावर टाकले.

"बाई, मला आजच्या आज कामावरून काढा."

"जिंकलात ना हो! डोकं फिरलंय का?"

"जिंकलो कुठं? हा गंजलेला दांडा माझा आहे. तो आरसा सूनबाईचा. पेटीत ठेवताना बिल्ले मी बदलले."

पॉलिशवाला दोन पावलं मागं सरला. मालकीणबाई एकदा या दांड्याकडे बघत होत्या, एकदा त्या.

सुनेचा चेहरा लालबुंद झाला. "आप्पा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "स्वतःच्या पोराचं रक्त बघितलंत तुम्ही. तरी जिंकायची एवढी हाव?"

मेस्त्रींना तिच्याकडे बघवेना. ते खाली दांड्याकडे बघतच म्हणाले,

"जिंकायला नाही गं, पोरी. माझा दांडा जन्मात गंजणार नाही अशी खात्री होती मला, म्हणून तर तुझा बिल्ला त्याला बांधला."